नोकरी सांभाळून फुटबॉल

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. शाळेंत असतांना तो आमच्या संघांत लेफ्ट आऊटच्या जागीं खेळत असे. भातकापणी झालेल्या शेतांत अनवाणी पायांनीं चेंडू घेऊन धांवणाऱ्या त्या मुलास ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस त्याचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. हल्लीं तो बोइसरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत पाळीवर काम करितो. त्याच्याबरोबर त्याचे वडीलहि आले होते. मुंबईंतील खालच्या श्रेणीच्या एका संघानें मुलास बोलाविलें होतें. पगार नाहीं, मात्र गाडीभाडें, बूट आणि प्रत्येक सामन्यामागें कांहीं रुपये मिळावयाचे होते. मुलाच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. वडील मात्र म्हणाले, "सर, पाळी चुकली तर पगार कापला जातो, आणि पाय मोडला तर पाळीच जाते. आतां तुम्हीच त्याला काय तें सांगा."

आम्हांस त्या वेळीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. खेळाच्या तासाला चेंडू देणें निराळें आणि कोणाच्या मुलाच्या पोटापाण्याविषयीं सल्ला देणें निराळें. परंतु प्रश्न मनांत राहिला, आणि त्या निमित्तानें जें वाचलें, विचारलें व समजून घेतलें तें येथें मांडीत आहों. असा प्रसंग उद्यां आमच्या वाचकांपैकीं आणखी कोणाच्या घरींहि येईल.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. केवळ आवडीखातर खेळतो तो हौशी खेळाडू, आणि खेळावरच ज्याचा चरितार्थ चालतो तो धंदेवाईक खेळाडू. वर्तमानपत्रांत ज्यांचीं चित्रें छापून येतात ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे असतात. परंतु या दोहोंच्या मध्यें एक फार मोठा वर्ग आहे, आणि त्याची गोष्ट क्वचितच कोणी सांगतो. हा खेळाडू दिवसा नोकरी करितो, संध्याकाळीं सराव करितो, सुटीच्या दिवशीं सामना खेळतो आणि त्याबद्दल त्यास थोडेंबहुत मानधन मिळतें. यास निमधंदेवाईक म्हणावें. जगांतील फुटबॉलचा बराच मोठा भार याच माणसाच्या खांद्यावर आहे.

हा वर्ग आजचा नव्हे. इंग्लंडांत १८५० च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचें शनिवारचें काम दुपारीं दोनला संपूं लागलें. हळूहळू ही अर्धी सुटी इतरांसहि मिळाली, आणि शनिवारीं तीन वाजतां सामना सुरू करण्याची इंग्लंडांतील प्रथा त्यांतून रूढ झाली. म्हणजे फुटबॉलची वेळ ठरविली ती गिरणीच्या भोंग्यानें. लँकेशायर परगण्यांतील संघ चांगल्या खेळाडूंस गुपचूप पैसे देऊं लागले, त्यावरून मोठें वादळ उठलें, आणि अखेर १८८५ सालीं धंदेवाईक खेळाडूंस उघड मान्यता द्यावी लागली. पुढें तीनच वर्षांनीं, १८८८ सालीं, बारा संघांनीं मिळून पहिली साखळी स्पर्धा सुरू केली.

साखळी पद्धत म्हणजे काय हें आमच्या लहान वाचकांसाठीं थोडक्यांत सांगतों. बाद पद्धतींत एकदां हरलेला संघ घरीं जातो. साखळींत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशीं खेळतो. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास शून्य. (पूर्वीं विजयास दोनच गुण असत, बरोबरीवर समाधान मानणाऱ्या संघांस चेव यावा म्हणून इंग्लंडांत १९८१ पासून तीन केले, व तो नियम पुढें सर्वत्र गेला.) हंगामाच्या शेवटीं ज्याचे गुण अधिक तो विजेता. आतां जेथें संघ पुष्कळ असतात तेथें शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें श्रेणी करितात. वरच्या श्रेणींत तळाशीं राहिलेले संघ पुढल्या वर्षीं खालीं उतरतात आणि खालच्या श्रेणींतील पहिले संघ वर चढतात. यामुळें तळाच्या संघाचा शेवटचा सामनाहि निरर्थक होत नाहीं. अजिंक्यपद हातचें गेलें तरी खालीं न घसरण्यासाठीं अकराच्या अकरा जण जीव तोडून खेळतात, आणि आमच्या मतें पाहण्यासारखे खरे सामने हेच होत.

आपल्या मुंबईकडे ही शिडी बरीच जुनी आहे. येथील रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ सालीं सुरू झाली. आरंभीं तींत गोऱ्या पलटणींचें राज्य होतें. तें मोडावयास १९३७ साल उजाडावें लागलें, आणि मोडलें तें बंगळूर मुस्लिम्स या देशी संघानें. शहराची साखळी स्पर्धा हार्वुड लीग या नांवानें ओळखली जाई. या साखळींत एक विशेष गोष्ट होती. तींतील नामांकित संघ पेठांचे किंवा क्लबांचे नसून कचेऱ्यांचे आणि कारखान्यांचे होते. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, बँका, रेल्वे, पोलिस अशी ती नामावळी वाचली म्हणजे एखाद्या व्यापारी पंचांगाचें पान उघडल्याचा भास होतो. खेळाडूस कंपनी नोकरीवर ठेवीत असे. हजेरीपटावर त्याचें नांव कारकून किंवा कामगार म्हणून असे. हंगामांत दुपारनंतर त्यास मैदानावर जाण्याची मोकळीक मिळे. आणि खेळण्याचें वय सरलें तरी नोकरी राही. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या काळच्या आईबापांनीं मुलांस फुटबॉल खेळूं दिला तो चषकांकडे पाहून नव्हे, निवृत्तिवेतनाकडे पाहून दिला.

नेव्हिल डिसूझा यांचें नांव आमच्या थोड्याच विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. १९५६ सालीं मेलबर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत भारतानें यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला, त्यांतील तीन गोल एकट्या डिसूझांचे होते. ऑलिंपिकमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. त्या वर्षीं भारत चौथा आला. त्याहून वरची जागा फुटबॉलमध्यें आपणांस ऑलिंपिकांत पुन्हां मिळालेली नाहीं. हे डिसूझा मुंबईंत टाटांच्या व कॅल्टेक्सच्या संघांतून खेळत. तेल विकणाऱ्या कंपनीच्या याच संघानें १९५८ सालीं रोव्हर्स चषक जिंकला. ज्या गृहस्थाच्या नांवावर ऑलिंपिकची ही नोंद आहे, त्याचा संघ एका कंपनीचा होता, हें आज सांगितलें तर मुलांस गंमत वाटते.

ही व्यवस्था मोडली कशी? एका दिवसांत नव्हे. महिंद्र कंपनीचा संघ १९६२ पासून चालत आला होता. २००५-०६ च्या हंगामांत त्यानें राष्ट्रीय साखळीचें अजिंक्यपद मिळविलें. आणि २०१० सालीं कंपनीनें तो संघ बंद केला. विजेत्या संघाची ही गत, तर इतरांचें काय सांगावें! २०१३ सालीं एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन संघ देशाच्या वरिष्ठ साखळींतून वगळण्यांत आले. ते मैदानावर हरल्यामुळें गेले नाहींत. आशियाई फुटबॉल महासंघाच्या नव्या परवाना नियमांप्रमाणें क्लब ही स्वतंत्र संस्था असली पाहिजे, तिचे स्वतःचे हिशेब, तिचे बाल व युवक संघ असले पाहिजेत. कंपनीच्या एखाद्या खात्याप्रमाणें चालणाऱ्या संघास या अटी पुऱ्या करणें जमलें नाहीं. नियम वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. बालसंघ नसलेला क्लब म्हणजे रोपवाटिकेवांचून बाग. पण त्या नियमानें एक दार उघडतांना दुसरें लागलें. निव्वळ धंदेवाईक क्लबांची अवस्था पाहावी, तर २००७ सालीं निघालेला मुंबई एफ.सी. २०१७ सालीं खालच्या श्रेणींत घसरला आणि त्यानंतर बंदच झाला. दहा वर्षांचें आयुष्य! अशा संघांतील पंचविशीच्या तरुणानें पुढें काय करावें, याचें उत्तर कोणत्याहि परवाना नियमांत लिहिलेलें नाहीं.

मुंबईच्या कंपन्यांचें असें झालें. परंतु दक्षिणेस कोल्हापुरांत एक निराळाच प्रकार टिकून आहे, आणि तो आम्हांस फार आवडतो.

कोल्हापूर म्हटलें कीं कुस्ती आठवते. राजर्षि शाहू महाराजांनीं मल्लांस आश्रय दिला, १९१२ सालीं खासबागेचें मैदान उभें राहिलें, पेठापेठांतून तालमी होत्याच. आश्चर्य हें कीं याच तालमींनीं फुटबॉल आपलासा केला. संघांचीं नांवें ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. शेवटच्या नांवाचा संघ समोर उभा ठाकला तर प्रतिपक्षाच्या गोलरक्षकास काय वाटत असेल! यांतच एक 'प्रॅक्टिस फुटबॉल क्लब' असें साधें इंग्रजी नांवहि आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था १९४० सालीं स्थापन झाली आणि तिच्या विद्यमानें येथील साखळी चालते. वरिष्ठ श्रेणींत सोळा संघ; सामने शाहू स्टेडियमवर.

तेथील हंगामाचें चक्र समजून घेण्यासारखें आहे. पावसाळा सरला म्हणजे खेळाडूंच्या नोंदणीचे दिवस येतात. कोणत्या तालमीचा आघाडीचा खेळाडू यंदा कोणाकडून सही करणार, याची चर्चा चहाच्या टपरीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत चालते. घर एका पेठेंत आणि सही दुसऱ्या पेठेच्या संघांत, असें झालें तर त्या घरास शेजाऱ्यांचे टोमणे ऐकावे लागतात. हिवाळ्याच्या तोंडाशीं साखळी सुरू होते. तळाचे संघ खालच्या गटांत उतरतात, तेथले चांगले वर येतात. साखळी संपली म्हणजे बाद पद्धतीच्या स्पर्धा लागतात. त्यांस स्थानिक पुढारी व कारखानदार मोठ्या रकमेचीं बक्षिसें देतात, आणि वळवाचा पाऊस येईपर्यंत उन्हांत हे सामने चालतात. संघाला मिळालेल्या बक्षिसाच्या रकमेंतून खेळाडूंस वांटा मिळतो, कांहींस हंगामाचें मानधन मिळतें. पण खेळाडूंपैकीं कोणी कॉलेजांत शिकत असतो, कोणी औद्योगिक वसाहतींत कामास असतो, कोणी वडिलांच्या दुकानांत बसतो. सकाळीं ज्यानें आपणांस सुटे पैसे परत दिले, तोच दुपारीं हजारों प्रेक्षकांपुढें पेनल्टी मारतांना दिसावा, ही मौज मोठ्या शहरांतील धंदेवाईक सामन्यांत नाहीं.

या चित्रास काळी बाजूहि आहे आणि ती लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पेठेचा अभिमान कधीं कधीं पेठेच्या भांडणाचें रूप घेतो. हुल्लडबाजी, दगडफेक, पंचांवर धांवून जाणें असे प्रकार घडले आहेत, आणि त्यापायीं सामने थांबवावेहि लागले आहेत. मध्यंतरीं चढाओढीनें संघांनीं नायजेरियासारख्या दूरच्या देशांतून खेळाडू आणले. खेळाचा दर्जा वाढला, पण ज्या मुलानें चार वर्षें तालमीच्या राखीव खेळाडूंत काढलीं त्याची जागा गेली, अशीहि कुरकुर झाली. परक्या खेळाडूंची संख्या किती असावी याचे नियम त्यामुळें वेळोवेळीं करावे लागले. दुसरी उणीव याहून खोल आहे. तालमीची शिडी शाहू स्टेडियमच्या भिंतीपाशीं संपते. तेथें अजिंक्य ठरलेला संघ पुढें राज्याच्या किंवा देशाच्या साखळींत आपोआप चढत नाहीं. म्हणून वर जाणाऱ्या मुलास तालीम सोडूनच जावें लागतें. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा लहानपणींच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत गेला, आणि २०१७ सालीं भारतांत भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेंत भारताच्या संघांतून खेळला. भारताचा कोणताहि फुटबॉल संघ जागतिक स्पर्धेंत उतरण्याची ती पहिलीच वेळ. आमच्या विद्यार्थिनींसाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, एफ.सी. कोल्हापूर सिटी या नांवाचा मुलींचा संघ राष्ट्रीय महिला साखळींत खेळला आहे. म्हणजे मुलांच्या तालमींना जें जमलें नाहीं तें तेथील मुलींनीं करून दाखविलें.

आतां कोणी म्हणेल कीं नोकरी आणि खेळ यांची ही सांगड आपल्याच देशाची ओढाताण असेल. संपन्न देशांत असें नसावें. त्यांच्यासाठीं दक्षिण कोरियाचें उदाहरण देतों, आणि तें निवडण्यास एक खास कारण आहे, तें ओघांत येईलच.

दक्षिण कोरियांत धंदेवाईक साखळी १९८३ सालीं पांच संघांनीं सुरू झाली. त्या पांचांतहि तीन संघ निव्वळ धंदेवाईक नव्हते. त्यांत एक बँकेचा होता. पुढें २००३ पासून २०१९ पर्यंत त्यांची 'नॅशनल लीग' नांवाची निमधंदेवाईक साखळी चालली. तींत जहाजांची गोदी, रेल्वे, बुसान शहराची मेट्रो चालविणारें महामंडळ, बँक, नगरपालिका अशांचे संघ होते. आपल्या जुन्या हार्वुड लीगचीच ही बहीण म्हणावयास हरकत नाहीं. २००६ सालीं असें ठरलें कीं या साखळीच्या विजेत्यानें वरच्या धंदेवाईक साखळींत जावें. त्या वर्षीं विजयी झाला गोयांग शहरांतील कुकमिन बँकेचा संघ, आणि बँकेनें वर जाण्यास चक्क नकार दिला! दुसऱ्या वर्षीं उल्सान येथील ह्युंदाई मिपो गोदीचा संघ पहिला आला. त्यानेंहि नकार दिला. शिडी लावून ठेवावी आणि चढणारानें पायरीवरच बसून राहावें, असा हा प्रकार. तिकडे यावरून पुष्कळ टीका झाली. आम्हांस मात्र त्या बँकेचा तितकासा राग येत नाहीं. वर जावयाचें म्हणजे संघास बँकेपासून वेगळें काढणें, मोठे खर्च उचलणें, आणि बँकेच्या आश्रयानें खेळणाऱ्यांस बेभरंवशाच्या धंद्यांत लोटणें. राग येतो तो नियम करणारांचा; संघ कोणाचे आहेत, त्यांतील माणसें कशावर जगतात, हें न पाहतां त्यांनीं शिडी उभी केली. वर-खालीं जाण्याची रीतसर पद्धत तेथें २०१३ पासून धंदेवाईक संघांपुरती सुरू झाली, आणि २०२० सालीं खालच्या साखळ्यांची नवी मांडणी करून तिसरी व चौथी अशा दोन निमधंदेवाईक श्रेणी केल्या. त्यांच्याहि खालीं पांचवी, सहावी, सातवी अशा हौशी श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणींत २०२१ सालीं पहिला आलेला गिम्पो शहराचा संघ पुढल्या वर्षीं दुसऱ्या श्रेणींत दाखल झाला. पण तो धंदेवाईक होण्याची सर्व तयारी करून मगच.

त्यांचा हंगाम मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे बर्फ वितळल्यापासून थंडी पुन्हां पडेपर्यंत चालतो. तेथें तरुणांस सक्तीची राष्ट्रसेवा करावी लागते. तिचा भाग म्हणून सरकारी कचेरींत काम करणारे कित्येक खेळाडू दिवसा कागद हलवितात आणि कचेरी सुटल्यावर चौथ्या श्रेणीच्या संघांतून खेळतात. या खालच्या संघांस कमी लेखण्याचें कारण नाहीं. २०१९ सालीं देजॉन येथील रेल्वेच्या संघानें देशाच्या खुल्या चषक स्पर्धेंत एकामागून एक धंदेवाईक संघ हरवीत थेट अंतिम फेरी गांठली. पहिला अंतिम सामना ०-० असा बरोबरींत सुटला. दुसऱ्यांत मात्र सुवॉनच्या बलाढ्य संघानें त्यांचा ४-० असा फडशा पाडला.

आतां तें खास कारण. याच साखळींत ग्योंगजू शहराचा एक संघ आहे. तो दक्षिण कोरियाच्या जलविद्युत् व अणुविद्युत् कंपनीचा आहे. ग्योंगजूजवळ समुद्रकांठीं वोल्सोंग येथें त्या कंपनीचें अणुविद्युत् केंद्र आहे. आमच्या पामहून समुद्राकडे पाहणारास हें चित्र नवें वाटणार नाहीं. १९६९ पासून आपल्या तारापूरच्या किनाऱ्यावर अशीच वीज निर्माण होऊं लागली. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं हेंहि टिपून ठेवावें कीं, वोल्सोंग येथें कॅनडाच्या धर्तीच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्या उभारल्या गेल्या, आणि आपल्या तारापूरची तिसरी व चौथी भट्टीहि जड पाण्याच्याच जातीची आहे. पहिल्या दोन निराळ्या, अमेरिकन पद्धतीच्या, साधें पाणी उकळणाऱ्या. असो. त्या वीज कंपनीच्या संघानें २०१७ व २०१८ अशीं लागोपाठ दोन वर्षें नॅशनल लीग जिंकली. तिचा स्त्रियांचाहि संघ आहे.

२०१६ सालीं या संघांत एकोणीस वर्षांचा एक उंचापुरा बचावपटू आला. त्याचें नांव किम मिन-जे. गांव तोंगयोंग, मासेमारीचें बंदर. आईबाप तेथें मासळीचें लहानसें खाद्यगृह चालवीत. त्यानें विद्यापीठाचें शिक्षण अर्ध्यावर सोडलें होतें, मोठ्या क्लबांत जाण्यास अजून अवकाश होता, आणि मधला काळ रिकामा दवडण्यापेक्षां त्यानें निमधंदेवाईक साखळींत वीज कंपनीच्या संघातर्फे खेळणें पत्करलें. पुढल्याच वर्षीं तो वरच्या श्रेणींतील जोनबुक संघांत गेला. त्याच वर्षीं देशाच्या संघांत आला. २०२३ सालीं इटलींतील नापोली संघानें तेहतीस वर्षांनंतर अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां बचावफळीच्या मध्यभागीं हाच किम होता, आणि त्या हंगामांतील उत्कृष्ट बचावपटू म्हणून इटलीनें त्याचा गौरव केला. तेथून तो जर्मनींतील बायर्न म्युनिक संघांत गेला. दुसरा एक बचावपटू पाक जी-सू. त्यास धंदेवाईक क्लबानें काढून टाकिलें. तो २०१४ सालीं उइजॉन्गबू येथील खालच्या श्रेणीच्या संघांत खेळला, तेथून पुन्हां वर चढला आणि राष्ट्रीय संघापर्यंत पोहोंचला.

हीं दोन नांवें वाचून आमच्या कित्येक मुलांचे डोळे चमकतील. आणि म्हणूनच त्यांच्या पालकांसाठीं पुढील हिशेब मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें. किम आणि पाक यांच्या बरोबरीनें त्या वर्षीं शेंकडों तरुण त्याच मैदानांवर खेळत होते. त्यांचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत, जगासहि नाहींत. ते तिशीपर्यंत खेळले आणि रेल्वेंत, नगरपालिकेंत, दुकानांत आपापल्या कामास लागले. निमधंदेवाईक हंगामाचा नेहमींचा शेवट हा असा असतो, आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र तो आधीं ठाऊक असावा.

आमच्या माजी विद्यार्थ्याचा हिशेब असा. बोइसरहून चर्चगेट सुमारें शंभर किलोमीटर. दीड तासाच्या सामन्यासाठीं जाऊन येऊन पांच तास गाडींत जावयाचे. समजा श्रेणींत दहा संघ असले, तर प्रत्येकाशीं एकदां खेळावयाचें म्हणजे नऊ सामने. सरावाच्या फेऱ्या धरल्या तर हंगामांत वीस-पंचवीस खेपा सहज होतील. रात्रपाळी करून सकाळची गाडी पकडली तर गाडींतील झोंप हीच खरी झोंप, आणि न झोंपलेल्या माणसाचा गुडघा लवकर मुरगळतो, हें कोणीहि वैद्य सांगेल. आतां गुडघ्याचेंच पाहूं. कारखान्यांत काम करतांना इजा झाली तर राज्य कामगार विमा योजनेप्रमाणें विमाधारक कामगारास वेतनाच्या ९० टक्के भरपाई मिळते. रविवारीं मैदानावर झालेली इजा ही कामावरील इजा नव्हे. ती आजारपणांत धरली जाते. औषधोपचार होतो, आणि अटी पुऱ्या होत असतील तर वेतनाच्या ७० टक्के रक्कम, तीहि वर्षांतून ९१ दिवसांपर्यंतच, मिळते. गुडघ्याचा मुख्य स्नायुबंध तुटला तर पुन्हां धांवूं लागण्यास सहा महिने ते वर्ष जातें. मधले महिने कोणी सोसावयाचे, हा प्रश्न संघाच्या चिटणीसास सही करण्यापूर्वीं विचारावा. विचारण्यांत लाज कसली? उत्तर तोंडी न घेतां कागदावर घ्यावें.

हा सारा मजकूर आम्हीं त्या बापलेकांस डिसेंबरांत पुन्हां बोलावून सांगितला. मुलानें वहींत लिहून घेतला. चिटणीसांनीं इजेच्या खर्चाबद्दल कांहीं थोडें कबूल केलें, सर्व नाहीं. पाळ्यांची अदलाबदल करावयास कारखान्यांतील एक सोबती तयार झाला. त्याच्या मोबदल्यांत दोन्ही सणांच्या दिवशीं आमच्या विद्यार्थ्यानें त्याची पाळी करावयाची. वडिलांनीं एका हंगामापुरती संमति दिली.

आतांपर्यंत चार सामने झाले आहेत. दोन हरले, एक जिंकला, एक बरोबरींत. चौथ्यांत तो शेवटचीं वीस मिनिटें खेळला. परतीची गाडी बोइसरला रात्रीं उशिरा येते आणि त्या वेळीं पामकडे येण्यास रिक्षा मिळत नाहीं, म्हणून वडील दुचाकी घेऊन स्थानकावर उभे असतात. आम्हांस एकदां ते तेथें भेटले. गाडीस उशीर होता. "किती गोल झाले तें विचारीत नाहीं मी," ते म्हणाले, "आधीं पाय बघतों." मग थोडें थांबून त्यांनीं आम्हांस विचारलें कीं, गुणांच्या तक्त्यांत आपला संघ सातवा आहे, तर खालीं किती उतरतात.